नाशिकची इन्स्टंट कॉफी: ४० रुपयांना एक पुडी, घ्याल का?

सिन्नरी वारा | शनिवार, सकाळी ९.१०

मंडळी नमस्कार. सात-आठ वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेला. सहा वर्षं कांदा-लसूण वाळवणाऱ्या एका कारखान्यात काढली. संध्याकाळच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट कायम रिकामी असायची, यावरून काय ते समजा. शाळेपासूनचा एक मित्र बंगळूरला कॉफी भाजायच्या कामात होता. दिवाळीला आला की पिशवीभर बिया आणायचा, आम्ही त्या दळून, गाळून प्यायचो. तो परत गेला की मी पुन्हा ऑफिसातल्या पुडीवर. एकदा मी त्याला म्हटलं, वाळवलेल्या कांद्यात वास टिकतो तर कॉफीत का नाही टिकत? तो म्हणाला, टिकतो की, पण एवढा खर्च कोण करतंय!

एवढ्या बोलण्यावर आम्ही गेल्या वर्षी एक जुना फ्रीज ड्रायर घेऊन बसलो. नाशिकमधल्या अंबडला छोटी शेड भाड्यानं घेतली. चिकमगळूरहून अरेबिका जातीची कॉफी आणतो, मित्र भाजतो, साध्या गरम पाण्यात दाट अर्क काढतो, तो गोठवून वाळवतो. एका पुडीत २.४ ग्रॅम. कपभर गरम पाणी ओतलं की झाली. साखर नाही, चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) नाही.

पुडीला ४० रुपये लावावे लागतायत. किराणा दुकानात दोन-तीन रुपयांना पुडी मिळते हे मलाही ठाऊक आहे, म्हणून तर विचारतोय. तुम्ही घ्याल का? घेतलीत तर कुठे, केव्हा प्याल? नाही घेणार तर का नाही? तोंडावर गोड बोलणारे नातेवाईक माझ्याकडे पुष्कळ आहेत. इथे खरं बोला.

चहाबाज | ९.२२

४० रुपयांत कॉलेज रोडला तीन चहा येतात आणि चौथा टपरीवाला उधारीवर देतो. मी काय म्हणतो ते कळलं असेल. पुढील लेखनास शुभेच्छा.

कातळवेडा | ९.३१

मी घेईन. हरिहर गडाच्या माथ्यावर चहाबाजांचा टपरीवाला येत नाही.

चहाबाज | ९.३३

हरिहरच्या पायथ्याला येतो. भजी पण देतो. :)

रात्रपाळी | ९.५८

दादा, मी नर्स आहे, आठवड्यात चार रात्री ड्यूटी. पहाटे तीनला पॅन्ट्रीत एक किटली, एक स्टीलचा ग्लास आणि तळाशी दगड झालेला कॉफीचा डबा, एवढंच असतं. मुलीनं वाढदिवसाला फ्रेंच प्रेस (कॉफी गाळायचं भांडं) दिला होता. दोनदा वापरला. तिसऱ्यांदा तो चोथा धुवायला गेले आणि बेल वाजली, परत आले तोवर सिंकमध्ये जाळी तुंबलेली. पुडीचा अर्थ माझ्यासाठी तेवढाच, धुवायचं काही नाही. चव असेल तर दुधात साखर. महिन्याला आठ-दहा पुड्या घेईन. रोज नाही परवडणार.

हिशोबी | १०.१५

धागाकर्ते, आधी एक सांगा. भारतात फ्रीज-ड्राय कॉफी नवीन नाही. तमिळनाडूत थेनीला टाटांचा कारखाना आहे, आंध्रात सीसीएल नावाची कंपनी करते आणि जगभर निर्यात करते. किराण्याच्या कपाटातसुद्धा महागातली बरणी फ्रीज-ड्रायच असते. मग तुमची २.४ ग्रॅम ४० रुपयांना का? यंत्र तेच, बीसुद्धा तीच.

सिन्नरी वारा | १०.४९

हिशोबी, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. फरक वाळवण्यात कमी, आणि त्याच्या आधी काय होतं त्यात जास्त आहे.

घरी आपण गाळून कॉफी करतो तेव्हा भाजलेल्या बीच्या वजनातला साधारण १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरतो. बाकी चोथा. मोठ्या कारखान्यात उंच लोखंडी नळकांड्यांमध्ये दाबाखाली १७०-१८० अंशांपर्यंतचं पाणी सोडतात. त्यात बीतला जो भाग एरवी विरघळत नाही तोही तुटून उतरतो. उतारा ४० टक्क्यांच्या वर नेतात, कधी ५० पर्यंत. पैशाच्या दृष्टीनं शहाणपणच आहे ते. पण उसाचा चोथा चौथ्यांदा चरकात घातला की जो रस निघतो, त्याची चव आठवा.

आम्ही २० टक्क्यांवर थांबतो. म्हणून एका पुडीला १२ ग्रॅम भाजलेली बी लागते. त्यांना निम्म्यात भागतं, आणि बीसुद्धा बरीच स्वस्त असते.

बागाईतदार | ११.२०

सकाळपासून बागेत होतो, आता वाचलं. (निफाड तालुका, एवढंच सांगतो, नाहीतर रोपं मागायला फोन येतात.)

भाऊ, कॉफी वाळवायचे ते दोन प्रकार, स्प्रे ड्राय आणि फ्रीज ड्राय, जरा आमच्या भाषेत सांगा. स्प्रे म्हणजे आमच्या ब्लोअरसारखंच ना?

सिन्नरी वारा | ११.४१

अगदी तसंच दादा. ब्लोअर बागेत जसे तुषार उडवतो, तसा कॉफीचा अर्क उंच टाकीत वरून फवारतात आणि त्यावर दोनशे अंशांच्या आसपासची गरम हवा सोडतात. थेंब खाली पोचेपर्यंत भुकटी झालेली असते. काम काही सेकंदांत होतं, पण पाण्याबरोबर वासही निघून जातो. द्राक्षाचा बेदाणा करताना जे होतं ते. गोडी राहते, पण डोळे मिटून वास घेतला तर द्राक्ष आठवत नाही.

फ्रीज ड्रायचं गणित कापरासारखं. कापूर वितळत नाही, सरळ उडतो. बर्फालाही तसं उडवता येतं, हवेचा दाब खूप कमी केला तर (६ मिलिबारच्या खाली). अर्क उणे ४० पर्यंत गोठवायचा, फोडून खडे करायचे, निर्वातात ठेवायचे. बर्फ वाफ होऊन निघून जातो, मागे सच्छिद्र खडे राहतात. आमच्या यंत्राला एका घाण्याला २८ तास लागतात. घाणा १० किलोचा, त्यातून निघते ६०० ग्रॅम. म्हणजे २५० पुड्या.

आणखी एक. दाणेदार दिसली म्हणजे फ्रीज-ड्राय, असं समजू नका. स्प्रेची भुकटी वाफेवर ओलसर करून तिचे दाणे वळतात, रवाळ करतात. डब्यावर वाचा, दाण्यांवर जाऊ नका.

बागाईतदार | ११.५५

कापराचं बरोबर बसलं डोक्यात. निफाडला थंडीत पानावरचं दव गोठतं तेव्हा आमचीच कॉफी होते, पण ते असो.

जुनापुराणा | दुपारी १.०५

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून.

इन्स्टंट कॉफी चवीसाठी जन्मलीच नाही. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल गावातल्या स्ट्रँग नावाच्या कॉफीवाल्यानं १८९० मध्ये विरघळणाऱ्या कॉफीचं पेटंट घेतलं. पुढे १९०१ मध्ये अमेरिकेत बफेलोच्या प्रदर्शनात सातोरी काटो या जपानी रसायनतज्ज्ञानं आपली कॉफी लोकांना पाजली. पण ती घराघरांत गेली १९३८ नंतर, नेसकॅफेमुळे. आणि नेस्ले त्यात का पडली? १९२९ नंतर भाव कोसळले, ब्राझीलमध्ये कॉफीचे डोंगर पडून होते, त्याचं काहीतरी करून द्या अशी गळ घातली गेली म्हणून. पडलेल्या मालाचं काय करायचं, हा तिचा जन्मप्रश्न. लासलगावला कांद्याचा भाव पडला की प्रत्येक पुढारी 'पावडर करा' म्हणतो ना, तेच.

त्यामुळे चांगली बी घेऊन इन्स्टंट करणं म्हणजे निर्यातीची द्राक्षं तोडून त्याचे बेदाणे करण्यासारखं आहे. वेडेपणा आहे. पण बघायला आवडेल.

जयनगरवासी | १.४०

मूळचा गंगापूर रोडचा, आता १४ वर्षं बंगळूरला. इथे सकाळी पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन टाकायला दोन मिनिटं लागतात. पडायला वीस मिनिटं लागतात, पण ती पडत असताना मी आंघोळ करतो. मग इन्स्टंटची गरज कोणाला? ज्याला चव कळते तो फिल्टर घेईल, ज्याला कळत नाही तो तीन रुपयांची पुडी घेईल. मधला माणूस मला तरी दिसत नाही. गमतीत घ्या.

रात्रपाळी | १.५२

मधला माणूस वॉर्डात पहाटे तीनला उभा असतो. तिथे आंघोळ करत नाहीत.

चहाबाज | १.५३

रात्रपाळीताई, एक नंबर! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जयनगरवासी | २.१०

ताई, मानलं. शब्द मागे.

मधुमालती | दुपारी ४.३०

तुम्ही सगळी मुलं इन्स्टंट कॉफी परदेशातून आली म्हणताय, मला गंमत वाटते. आमच्या लहानपणी पंचवटीत घरी कॉफीच्या वड्या असायच्या. साखरेची चौकोनी वडी, आत कॉफीची पूड. कागदात गुंडाळलेली. दूध उकळलं, वडी टाकली, ढवळली, झाली कॉफी. पाहुणे आले आणि चहा नको म्हणाले तर ही. आम्ही पोरं ती कोरडीच चोखायचो आणि मार खायचो. आजारपणात तर हमखास. त्यात आई जायफळ किसून टाकायची, आणि झोप येते म्हणायची. कॉफी पिऊन झोप! पण यायची खरी.

आता तुमच्या प्रश्नाचं. बाळ, तू दुधाचं काहीच लिहिलं नाहीस. आपल्याकडे कॉफी म्हणजे दूध. पाण्यातली कॉफी माझ्याकडे कोणी पीत नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय.

जुनापुराणा | ४.४८

मधुमालतीताई, वडी मीही चोखलेली आहे! आणखी एक आठवण. पोलसनचं लोणी सगळ्यांना माहीत, पण पोलसन मुळात मुंबईचे कॉफीवाले. लोणी मागाहून आलं. त्यांच्या कॉफीत चिकोरी असायची आणि लोकांना ती आवडायची.

सिन्नरी वारा | संध्याकाळी ५.१२

मधुमालतीकाकू, खरं सांगतो, दुधाचं मुद्दाम लिहिलं नव्हतं. ती दुखरी नस आहे. पाण्यात आमची कॉफी झकास लागते. दुधात... तुम्हीच ठरवा. पाच जणांना पुड्या पाठवतो, फुकट. खरडवहीत पत्ता कळवा. प्रत्येकाला सहा. तीन पाण्यात करा, तीन तुम्हाला हव्या तशा. आणि इथेच लिहा, वाईट असेल तरी.

कातळवेडा | ५.१३

पत्ता कळवला.

चहाबाज | ५.१४

मलाही पाठवा. फुकट असेल तर मी कॉफीबाज.

हिशोबी | रात्री १०.०५

तोवर हिशोब मांडतो, राहवत नाही.

१२ ग्रॅम भाजलेली बी, किलोला १००० रुपये धरले तर १२ रुपये. वीज: यंत्र दीड-दोन किलोवॉटचं असेल, २८ तासांचे ४५-५० युनिट, युनिटला साडेनऊ-दहा रुपये धरा, म्हणजे घाण्याला साधारण ४५० रुपये, पुडीला १.८०. फॉइलचं पाकीट आणि त्यात भरायचा नायट्रोजन वायू ३ रुपये. भाडं, माणसं, यंत्राची झीज मिळून ८ रुपये (हा माझा अंदाज). झाले २४.८०.

आता ४० मधून ५ टक्के जीएसटी काढा, राहिले ३८.१०. दुकानदार ३० टक्के मागणार, म्हणजे १२ गेले. राहिले २६.१०. तुमच्या हातात पुडीमागे १ रुपया ३० पैसे. २५० पुड्यांचे ३२५ रुपये, तेही २८ तास जागून. आणि यात कुरियर नाही, फुकट वाटलेल्या पुड्या नाहीत, बिघडलेला घाणा नाही.

नशीब समजा की जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. आधी इन्स्टंटला १८ होता, तेव्हा घरातून पैसे घालावे लागले असते. बीचा भावही सांभाळा. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती.

दुकानात ठेवू नका. थेट विका.

सिन्नरी वारा | १०.३१

तुमचे ८ रुपये आमचे ९ आहेत. बाकी हिशोब इतका जवळ आहे की तुम्ही आमच्या शेडमध्ये येऊन गेलात की काय अशी शंका येते. मित्राला वाचून दाखवलं. तो अजून भिंतीकडे बघतोय.

पॅसिफिककाठ | रविवार, पहाटे ५.४०

इथे सॅन फ्रान्सिस्कोत 'सडन कॉफी' नावाची कंपनी होती. फिनलंडचा एक नावाजलेला बरिस्ता (कॉफी बनवणारा), काले फ्रीझ, त्यात होता. कल्पना हीच, उत्तम बी, नीट काढलेला अर्क, फ्रीज-ड्राय, आणि परीक्षानळीसारख्या छोट्या नळ्यांत भरलेली. मी मागवली होती. पाण्यात चांगलीच होती. कपाला दोन-तीन डॉलर पडायचे. कंपनी पुढे बंद झाली.

का झाली ते आतलं मला माहीत नाही, पण माझं मागवणं का थांबलं ते सांगतो. घरी होतो तेव्हा ताजी करायचो, बाहेर होतो तेव्हा कोपऱ्यावर कॅफे होताच. नळ्या ड्रॉवरमध्ये राहिल्या. तुमच्याकडे मात्र उलट आहे. दिंडोरीच्या पुढे, वणीच्या वाटेवर चांगला कॅफे शोधून दाखवा. जिथे कॅफे नाही तिथे विका.

बागाईतदार | सकाळी ७.१५

आमच्याकडे नाशिकात सुलाची पहिली वाइन निघाली २००० साली. तेव्हा गावात लोक हसत होते, द्राक्षाची दारू कोण पिणार म्हणून. आता बघा. म्हणून मी हसणार नाही.

हिशोबी | ९.०२

दादा, वाइनला द्राक्ष इथलं होतं. कॉफी नाशिकला पिकत नाही. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला पिकते, तीही थोडी. मग 'नाशिकची कॉफी' कशी?

सिन्नरी वारा | ९.४०

बी नाशिकची नाहीच, पुडीवर चिकमगळूरच लिहिणार. नाशिकचं आहे ते वाळवणं. कांदा, लसूण, बेदाणा, आता फळं. या पट्ट्यात निर्वात पंप दुरुस्त करणारा माणूस फोनवर मिळतो. आमचा पंप दोनदा बिघडला, दोन्ही वेळा सातपूरहून माणूस स्कूटरवर आला. कॉफीच्या बागेच्या गावात जाऊन यंत्र बसवलं असतं तर पंपासाठी आठ दिवस थांबलो असतो आणि घाणा वितळला असता.

चहाबाज | ९.४४

'नाशिकची कॉफी, पंप आमचा'. ही जाहिरात फुकट देतोय.

कातळवेडा | पुढचा शनिवार, रात्री ८.२०

पुड्या आल्या, अनुभव लिहितो.

पहिली घरी, पाण्यात. पुडी फोडल्यावर वास आला, पण थोडा. पाणी ओतलं आणि वास खोलीभर. नेहमीच्या बरणीचं उलटं असतं, सील फोडताना घमघमाट, कपात काही नाही. चव आंबट-गोडसर, संत्र्याच्या सालीसारखी काहीतरी. कडवट अजिबात नाही. बायको म्हणाली, "ही कॉफी आहे?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "बरी आहे, पण कॉफी कुठाय?"

दुसरी ब्रह्मगिरीला. धुकं, पाऊस, थर्मासमधलं पाणी. यापुढे मी पुन्हा तीन रुपयांची पुडी गडावर नेणार नाही, एवढं लिहितो.

तिसरी, गुन्हा माझा. अर्धी पुडी वापरली, उरलेली दुमडून सॅकच्या खिशात ठेवली. खाली येईपर्यंत डिंक. खिसा अजून चिकट आहे.

सिन्नरी वारा | ८.३५

पावसाळ्यात हेच होतं. ते खडे स्पंजासारखे, हवेतली ओल ओढून घेतात. पुडी भरायच्या खोलीत आम्ही दोन यंत्रं लावून हवा कोरडी करतो, तरी जुलैत दोन घाणे फेकले. फोडलेली पुडी लगेच संपवायची. हे पुडीवर लिहायला हवं, मोठ्या अक्षरात. आभार.

रात्रपाळी | ९.१०

माझ्या सहाच्या सहा संपल्या, चार मी आणि दोन सिस्टर लोकांनी. पाण्यात छान. पण दादा, जाग येण्याच्या बाबतीत वॉर्डातला डबा जास्त जोरकस वाटतो.

सिन्नरी वारा | ९.१८

ताई, बरोबर आहे. स्वस्त इन्स्टंटमध्ये बहुधा रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात असते. अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन.

चहाबाज | ९.५०

आता माझा अहवाल. खोटं बोलणार नाही.

पाण्यात प्यायलो. आवडली. हे लिहिताना हात थरथरतोय.

मग आपल्या पद्धतीनं, एक कप म्हशीचं दूध, दोन चमचे साखर. काहीच लागलं नाही. गरम दुधाला कोणीतरी कॉफीचं नाव सांगितलं होतं एवढंच. दुसरी पुडी टाकली, तेव्हा कुठे चव आली. म्हणजे कपाला ८० रुपये. त्यात मिसळ येते, पावासकट.

मधुमालती | रात्री १०.२५

चहाबाज म्हणतात ते बरोबर. माझ्याकडे पण तसंच झालं. यांनी प्यायली आणि म्हणाले, "वास आहे, अंग नाही." मी जायफळ टाकून बघितलं, तर नुसतं जायफळ.

जयनगरवासी | १०.४०

'अंग नाही' हा शब्द अचूक आहे. म्हणून तर दक्षिणेत चिकोरी घालतात. लोक तिला भेसळ समजतात, ती भेसळ नाही. मूळ आहे, जामनगरकडे पिकतं, भाजून दळतात. कॅफिन नाही, पण रंग, दाटपणा, किंचित जळक्या गुळाची गोडी. नेपोलियननं इंग्लंडशी व्यापार तोडला तेव्हा कॉफी मिळेना म्हणून फ्रेंचांनी घालायला घेतली, आणि कॉफी परत आली तरी सोडली नाही. डब्यावर टक्के छापावे लागतात, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही.

धागाकर्ते, दुधासाठी वेगळी पुडी करा. चांगली रोबस्टा, जरा जास्त भाजलेली, ३० टक्के चिकोरी. तुमच्या मित्राला हे सांगितलं तर तो रडेल. रडू द्या.

जुनापुराणा | १०.५५

जयनगरवासी, आठ दिवसांपूर्वी मधला माणूस दिसत नव्हता, आता त्याच्यासाठी पुडी बनवताय!

सिन्नरी वारा | रविवार, दुपारी १२.१०

मित्र रडला नाही, पण दोन तास बोलला नाही. मग म्हणाला की रोबस्टा कूर्गची चांगली मिळते, आणि चिकोरी टाकायची तर तीही आपणच भाजू. तो मान्य करण्याच्या जवळ आलाय.

मलाच खरं तर वाईट वाटलं. वर्षभर आम्ही पाण्यातल्या कपाचा वास कसा टिकेल यावर झोप घालवली, आणि माझ्या घरात माझे वडील अजूनही ती दुधात घालून पितात आणि म्हणतात, "चांगली आहे रे." तोंडावर गोड बोलणारे नातेवाईक म्हटलं होतं ना, त्यात पहिला नंबर त्यांचा. काल त्यांना विचारलं, खरं सांगा. तर म्हणाले, "तुझी आई करायची तशी नाही लागत."

तर सध्या असं ठरलंय. काळी पुडी राहील, ४० लाच, पण दुकानात नाही. ट्रेकवाले, हॉस्पिटलवाले, थेट घरपोच, दहाचा डबा. दुधाची वेगळी करून बघतो. रोबस्टा स्वस्त आहे, चिकोरी त्याहून स्वस्त, त्यामुळे ती २० च्या आत बसेल. हिशोबींनी तपासून द्यावं.

हिशोबी | १२.३०

वजन आणि बीचा भाव कळवा, संध्याकाळपर्यंत देतो. आणि दादा, ते ८ चे ९ कसे झाले तेही कळवा.

मधुमालती | १२.५२

आणि वडी? वडीचं कोणी मनावरच घेतलं नाही.

सिन्नरी वारा | १.१५

काकू, घेतलं होतं. लिहायला लाज वाटत होती. गुरुवारी घरातला पेढ्याचा साचा घेऊन गेलो, पिठीसाखर आणि आमची पूड दाबली, वर थोडं जायफळ. साच्यातून छान निघाली, नक्षीसकट. दहा मिनिटांत कडा ओलसर झाल्या, अर्ध्या तासात मधोमध मोडली.

मधुमालती | १.१८

मोडली तर मोडली. दुधात विरघळली का?

सिन्नरी वारा | १.१९

विरघळली.

मधुमालती | १.२१

मग पत्ता तुझ्याकडे आहेच.